आली, पण थांबली नाही

वही मुलाची. सातवीतली, गणिताची.
उरलेली पानं मी घेतली,
पट्टीनं रकाने आखले:
वेळ. आली. थांबली. फळी.
शेवटी 'शेरा'.
शेरे मारायची मला हौस आहे,
घरात कुणी विचारत नाही म्हणून.

धायरी फाट्याच्या अलीकडे, चपलांच्या दुकानासमोर,
खांब होता तिथे आम्ही उभे राहतो.
रस्ता रुंद करताना खांब गेला.
काही ड्रायव्हरांना तो आठवतो, काहींना नाही.
फरशीत एक चौकोनी भोक उरलंय,
त्या भोकाला आम्ही स्टॉप म्हणतो.

सोमवार. सहा दहा. आली नाही.
सहा पस्तीस. आली, पण थांबली नाही.
शेरा: आत जागा होती. खिडकीतल्या माणसानं
मला पाहून मान फिरवली,
जशी काही गाडी तोच चालवत होता.

खिलारेबाई एरंडवण्यात तीन घरी पोळ्या करतात.
पहिल्या घरचा डबा सातला निघतो.
उशीर झाला की रिक्षा,
आणि रिक्षा म्हणजे त्या दिवशीच्या पोळ्या फुकट.
मागच्या पानावर त्यांचा हिशेब:
जुलैत नऊ रिक्षा, तेराशे पन्नास.
"हे दाखवणार कुणाला?" त्यांनी विचारलं.
तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

तांबोळी सरांना दिसत नाही.
पूर्वी इंजिनाच्या खोकल्यावरून गाडी कळायची,
आता विजेच्या गाड्या मांजरीसारख्या येतात.
ते हवेत विचारतात, "कुठली?"
मोबाइलमधून मान न काढता कुणीतरी सांगतं,
"तुमची नाही."
"माझी कुठली ते यांना बरं माहीत!"
शेरा: सर हसले. तेवढ्यात तीन गाड्या गेल्या.

मेघना उकरंडे चाकाच्या खुर्चीवरून येते,
रस्त्यातूनच, कारण पदपथावर दुचाक्या झोपलेल्या असतात.
गाडी कडेपासून दोन हात लांब उभी राहते.
त्या दोन हातांत डबकं, नारळाची करवंटी
आणि कंडक्टरचं "मागची घ्या ना मॅडम, रिकामी आहे."
'फळी'च्या रकान्यात मी फुल्या मारत गेले.
श्रावण संपेतो एक्केचाळीस.
लांबून पाहिलं तर टेबलक्लॉथ विणतेय असं वाटावं.

मग चौघं डेपोत गेलो.
साहेबांनी चहा सांगितला. तो वेळेवर आला.
त्यांनी आपला कागद काढला:
"सहा दहाची गेलेली आहे. सोमवारी. मंगळवारीसुद्धा."
"आमच्याकडे आलेली नाही," खिलारेबाई म्हणाल्या.
दोघंही बहुतेक खरंच बोलत होते.
त्यांच्या कागदातून निघालेली गाडी
माझ्या वहीपर्यंत पोचायच्या आत जाते कुठे,
एवढंच कुणीतरी शोधायला हवं.

साहेब वही चाळत पार पुढे गेले, मुलाच्या पानांवर.
'एक बस ताशी चाळीस किमी वेगाने जाते, तर...'
उत्तर बरोबर होतं. बाईंनी लाल खूण केली होती.
साहेबांनी ते पान जरा जास्तच वेळ वाचलं.
मग म्हणाले, "बघतो."
शेरा: बघतो.

दिवाळीनंतरचा बुधवार. सहा बारा.
गाडी अशी कडेला घासून उभी राहिली
की चपलांचा दुकानदार शटर अर्धं सोडून बघत राहिला.
कानात बाळी घातलेला पोरगा ड्रायव्हर स्वतः उतरला,
आकड्यानं फळी ओढली. गंजलेली. हलेना.
आतून कुणीतरी "अहो, ऑफिस आहे" म्हणालं.
त्यानं लाथ घातली, फळी पडली,
मेघना वर गेली.
"स्वारगेट!" तो मोठ्यांदा ओरडला, कुणी न विचारता,
आणि तांबोळी सर आवाजाच्या दिशेनं चढले.
खिलारेबाईंनी पदर खोचला आणि गेल्या.

मी वही उघडली. फुलीची सवय झालेला हात
बरोबरची खूण कशी करतात ते आठवत राहिला.
पेन आधी उठेना, मग उठलं.
दार मिटल्याचा आवाज आला.

बुधवार. सहा बारा. आली. थांबली. फळी: हो.
शेरा: मी राहिले.
पुढची सहा पस्तीस.